सोलापूरची थंडी आणि माँटेसरीचा टॉडलर वर्ग: कापसाचा बर्फ काढा, स्वेटर शिकवा

डिसेंबर लागला की टॉडलर वर्गाच्या मांडणीवर कापूस येतो. कापसाचा बर्फ, थर्माकोलचा बर्फमाणूस, निळ्या ट्रेमध्ये प्लास्टिकचे पेंग्विन. ते सगळं उचलून कपाटात टाका. दीड ते तीन वर्षांच्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो फ्रिजमधला. जे हाताला लागतं, ज्याचा वास येतो, जे चाखता येतं, तेच या वयात आत मुरतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडला बिया, खडे, शंख-शिंपल्यांतून मुलांची साधनं उभी केली. आपल्या हाताशी सोलापूरचा हिवाळा आहे, तो पुरेसा आहे.

हा हिवाळा म्हणजे सकाळी १५-१६ अंश, थंडीची लाट आली तर त्याहून खाली, आणि दुपारी पारा ३० च्या घरात. म्हणजे नऊ वाजता हवाहवासा वाटणारा स्वेटर अकराला नकोसा होतो.  तो रोज शाळेतच उतरतो आणि कधी बागेत जाताना पुन्हा चढतो. सरावाची एवढी संधी वर्षात दुसरी कुठली मिळत नाही, आणि बहुतेक वर्गांत ताई भराभर दहा स्वेटर ओढून काढतात आणि ती वाया घालवतात.

आधी जागा

मुलाच्या खांद्याच्या उंचीला, साधारण ७० ते ८० सेंटिमीटरवर, बोथट टोकाच्या खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक चित्र, कायम त्याच मुलाचं. खाली बुटका स्टूल आणि एक चटई. शहाबादी फरशी सकाळी गार असते आणि तिच्यावर पसरलेला स्वेटर घसरतो, म्हणून चटई लागतेच. खुंटीला अडकवायला स्वेटरच्या गळ्याला आतून सहा-सात सेंटिमीटरची पट्टी दुमडून शिवून घ्या. पट्टी लाल किंवा कुठल्याही ठसठशीत रंगाची असू द्या, पुढे ती दुसऱ्या कामाला येणार आहे. दोन वर्षांखालच्यांना खुंटी जमत नसेल तर टोपली द्या.

स्वेटर: आधी काढणं

घालणं आधी शिकवू नका. काढणं सोपं आहे, त्याचं फळ लगेच मिळतं (अंगाला गार वाटतं), आणि अकरा वाजता मुलाला ते स्वतःहून हवं असतं. मुलाच्या मानेमागे हात लावून पाहा. घाम असेल तर हीच वेळ.

काढताना मुलं अडकतात ती एकाच ठिकाणी. मोठी माणसं खांद्यावरून स्वेटर मागे पाडतात आणि पाठीमागे हात नेऊन बाही ओढतात. दोन वर्षांच्या मुलाला पाठीमागचं दिसत नाही आणि तिथे हात पुरतही नाही. दोन्ही बाह्या मागे अर्ध्या उतरतात, हात बांधल्यासारखे होतात आणि मूल घाबरून रडतं. म्हणून सगळं काम पोटासमोर, डोळ्यांना दिसेल असं करायचं. गुंड्या सोडल्या, की उजव्या हाताने डाव्या बाहीचं टोक पकडायचं, बाही ताणून धरायची आणि डावा कोपर मागे खेचायचा. बाही ओढायची नाही, हात बाहेर काढायचा. हा फरक तुम्ही स्वतः स्वेटर घालून सावकाश करून दाखवला तरच मुलाला कळतो. करून दाखवताना बोलू नका. मूल एकतर हाताकडे बघेल नाहीतर तोंडाकडे.

एक हात सुटला की दुसरा सोपा. उतरलेला स्वेटर उलटा झालेला असेल तर बाहीत हात घालून टोक चिमटीत धरून बाहेर खेचणं हे वेगळं काम आहे. ते अडीच वर्षांपुढे द्या. तोवर तुम्ही सुलटा करा, पण मुलासमोर करा.

मग घालणं

इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. ‘एक हात घाला, मग पाठीमागून फिरवून दुसरा हात घाला’ ही पद्धत याहून मोठ्या मुलाची आहे. टॉडलरला दुसरी बाही सापडत नाही, तो स्वतःभोवती गोल फिरत राहतो. त्याच्यासाठी डोक्यावरून पालटायची पद्धत आहे. तिला पुढून पूर्ण उघडणारा स्वेटर लागतो. डोक्यातून घालायच्या बंद गळ्याच्या स्वेटरवर ती चालत नाही.

स्वेटर चटईवर पाठ खाली, पुढचे दोन्ही पदर उघडे करून पसरा. आतली बाजू वर दिसली पाहिजे. गळा मुलाच्या पायांशी, घेर (स्वेटरची खालची कड) समोर लांब. मूल गळ्यापाशी उभं राहतं किंवा गुडघ्यावर बसतं. वाकून दोन्ही हात एकदमच दोन्ही बाह्यांत घालतं, उजवा उजव्या बाहीत आणि डावा डाव्या बाहीत. मग हात वर, डोक्यावरून मागे. स्वेटर पाठीवर पडतो, हात बाह्यांतून सरळ खाली येतात, गळा मानेपाशी बसतो.

वाचायला चार वाक्यं आहेत, पण बिघडायला जागा पुष्कळ. सगळ्यात आधी दिशा चुकते. गळा समोर आणि घेर पायांशी राहिला तर स्वेटर उलटा चढतो, घेर मानेपाशी येतो आणि गळा कंबरेला लोंबतो. गळ्याची ती लाल पट्टी इथे कामी येते: लाल पट्टी पायाच्या बोटांना टेकवायची. सांगायची गोष्ट एवढीच, आणि ती सांगताना मुलाच्या पायाच्या अंगठ्याला बोट लावून दाखवा.

दुसरं, हात किती आत घालायचे. मनगटं झाकली की थांबायचं. मुलं उत्साहाने कोपरापर्यंत हात खुपसतात. मग सगळी लोकर दंडाशी गोळा होते आणि हात वर नेताना ती थेट तोंडावर येते. तोंड झाकलं गेलं की मूल हात खाली ओढतं आणि गुंता होतो. त्या क्षणी धावत जाऊन स्वेटर काढून घेऊ नका. फक्त घेराची कड धरून अलगद मागे न्या, म्हणजे चेहरा मोकळा होतो आणि उरलेलं काम त्याचंच राहतं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. दीड वर्षाच्या मुलाचे हात डोक्याच्या मानाने आखूड असतात. हात सरळ वर केले तर ते टाळूच्या जेमतेम वर पोचतात. एवढ्याने जाड स्वेटर डोक्यावरून पलीकडे जातच नाही. हे शिकवण्याचं अपयश नसून मुलाच्या अंगाचं माप आहे. तेव्हा दोन वर्षांच्या आत पातळ, बिनबाह्यांचा, पुढून उघडणारा स्वेटर द्या किंवा फक्त काढण्यावर थांबा. दोन-सव्वादोनला तोच जाड स्वेटर पहिल्या आठवड्यात जमून जातो.

आतल्या शर्टाची बाही वर सरकून दंडाशी गोळा होत असेल तर बाहीचं टोक मुठीत धरून मग हात घालायला शिकवा. टोपी जोडलेला स्वेटर सरावाला नको, टोपी मध्ये येऊन गळा शोधणं अवघड करते. आणि गळ्याजवळची प्रत्येक नाडी आजच काढून टाका. घसरगुंडीवर अडकलेली नाडी गळा आवळते.

वेळेचंही सांगायला हवं. बागेतून आत आल्यावर दहा मुलांना एकदम स्वेटर काढायला लावलं तर गोंधळाशिवाय काही हाती लागत नाही. तिघांना चटईवर, बाकीच्यांना दुसऱ्या ताईंबरोबर हात धुवायला. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. ती वेळापत्रकात धरा. धरली नाहीत तर घाईत तुम्हीच हात घालाल, आणि मूल आठवड्याभरात हात पसरून उभं राहायला शिकेल.

गुंड्या, चेन, नाड्या

सोडणं आधी, लावणं नंतर. गुंडी अडीच ते तीन सेंटिमीटरची, सपाट, आणि काज तिच्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं. बाजारातल्या स्वेटरच्या बारीक गोल गुंड्या या वयाला अशक्य आहेत. त्या कापून मोठ्या लावायला दहा मिनिटं लागतात. लावताना गुंडी अर्धी काजातून बाहेर येईपर्यंत तुम्ही करा, शेवटचं ओढणं मुलाला द्या. ते जमलं की एक पायरी मागे सरका. चेनचं खालचं टोक तुम्ही अडकवा, वर ओढणं त्याचं. पकडायला चेनला एक कडी बांधा.

नाडीची गाठ बांधणं टॉडलरचं काम नव्हे, पण सुटी गाठ ओढून सोडणं त्याला फार आवडतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) मानकरी पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात आणि कितीतरी घरांत लहानग्यांनाही ती शिवलेली असते. घरी असेल तर ती वर्गात मागवा. बंद सैल बांधून ठेवा, मुलांना एकेक ओढून सोडू द्या. गड्ड्याची, म्हणजे या यात्रेतल्या जत्रेची, ही ओळख पाळण्यांच्या चित्रांपेक्षा कितीतरी खरी आहे.

नाक पुसण्याची जागा

शेंबूड पुसायला ताईंच्या मागे धावणारं मूल आणि मुलांच्या मागे धावणाऱ्या ताई, दोन्ही थांबवता येतं. मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीला न फुटणारा आरसा, डब्यात मऊ सुती कापडाचे १५ बाय १५ सेंटिमीटरचे तुकडे, झाकणाची बादली, शेजारी हात धुवायची जागा. आरशात नाक बघा, कापड धरा, पुसा, पुन्हा बघा, बादलीत टाका, हात धुवा. जुन्या धुतलेल्या धोतराचं कापड उत्तम. वापरलेले तुकडे रोज उकळा. हात धुवायचं पाणी उन्हात बादलीत ठेवून कोमट करा, नाहीतर थंडीत मुलं नुसती बोटं ओली करून पळतात.

थंडीत वर्गाच्या खिडक्या बंद ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. सर्दी विषाणूंनी होते, आणि ते बंद खोलीत दाटतात. साडेनऊ ते अकरा बाहेर उन्हात, हीच सोलापूरच्या हिवाळ्यातली सर्वांत चांगली वेळ.

मांडणीवर काय ठेवायचं

ओला हरभरा आणला की घाटे सोलणं, मटाराच्या शेंगा, संत्र्याची साल (वर एक चीर तुम्ही द्या). भुईमुगाच्या शेंगा फोडणं बोटांना छान, पण अख्खा शेंगदाणा या वयात तोंडात जाऊ देऊ नका. तो थेट झाकणाच्या डब्यात आणि तिथून स्वयंपाकघरात चटणीला. साधारण ३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जाणारी कुठलीही वस्तू घशात अडकू शकते, म्हणून बोरं, शेंगदाणे आणि संक्रांतीचा काटेरी हलवा समोर बसूनच हाताळायचे. ज्वारीचे सुटे दाणे ओतायला देऊ नका, ते नाकात जातात. त्याऐवजी आख्खं कणीस द्या, हातात फिरवायला आणि हुंगायला. मालदांडी ज्वारीचं टपोरं कणीस हे या वयाला पुरेसं साधन आहे. भाजलेला हुरडा कुस्करून, बसवून, थोडाथोडा.

खोबरेल तेलाचा प्रयोग चुकवू नका. ते साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, म्हणजे सोलापूरच्या हिवाळ्यात रोज सकाळी घट्ट आणि दुपारी पातळ. ५० मिलिलिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या अर्ध्या भरा, झाकणं चिकटपट्टीने बंद करा. एक सावलीत, एक उन्हात. मूल दोन्ही हलवून बघतं: एकीत पांढरा गोळा जागचा हलत नाही, दुसरीत तेल हिंदकळतं. ‘घट्ट’ आणि ‘पातळ’ एवढे दोन शब्द द्या आणि गप्प राहा. तेल शुद्ध हवं. दुसरं तेल मिसळलं असेल तर ते नीट थिजत नाही. याच तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन हातांना चोळणं हेही काम, चटईवर बसूनच, नाहीतर फरशी निसरडी होते.

संक्रांत

तीळ तुम्ही भाजून गार करा, छोट्या खलबत्त्यात चमचाभर द्या. त्याहून जास्त दिले की ते बाहेर उडतात. पाच-सहा मिनिटं कुटल्यावर तेल सुटून कूट खलाला चिकटू लागतं, तिथे थांबवा आणि किसलेला गूळ मिसळा. कडक वड्या या वयाला नकोत, मऊ लाडू वळा. तिळाची आणि शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे आदल्या आठवड्यात पालकांना विचारून लिहून ठेवा. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत दोन्ही हातांनी देणं आणि घेणं दोघादोघांच्या जोडीत करा. ओळ लावून करू नका, शेवटच्या मुलाचा धीर संपतो.

बोरन्हाण वर्गात करायचं असेल तर मुलाच्या डोक्यावर अचानक काही ओतू नका, बरीच मुलं घाबरतात. वाटीभर चुरमुरे त्याच्या हातात द्या, त्याला स्वतःच्या डोक्यावर ओतू द्या. बोरं बिया काढून वेगळी.

पालकांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवायची चिठ्ठी छोटी असावी: पुढून पूर्ण उघडणारा, एकच माप मोठा स्वेटर, मोठ्या गुंड्या किंवा सोपी चेन, नाडी नको, माकडटोपी नको, आतून एकावर एक तीन शर्ट नकोत. आणि सकाळी घरी निघताना पाच मिनिटं जास्त काढा, स्वेटर मुलाला घालू द्या.