पॅकराफ्ट घेऊन मलप्रभेत उतरताय? या चुका टाळा

दसरा झाला, परतीचा पाऊस ओसरला की मलप्रभेचं पाणी निवळायला लागतं. कणकुंबीहून आलेली ही नदी तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ आसोग्यापाशी अगदी गरीब दिसते. त्या दिसण्यावर जाऊ नका.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बंधारे न बघता पॅकराफ्ट, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत मावणारी हवा भरायची छोटी होडी, पाण्यात टाकणं. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. मग वर पाणी तुंबतं, ओढ मरते आणि वल्ही मारून मारून खांदे भरून येतात. तेवढं परवडलं. पण भिंतीवरून पाणी सांडत असेल, तर पाण्यालगत बसलेल्या माणसाला समोर नुसती एक सरळ रेघ दिसते, पडणारं पाणी दिसतच नाही. खाली तेच पाणी उलटं फिरून माणसाला भिंतीकडे ओढतं. लाइफ जॅकेट असूनही तिथून सुटणं मुश्कील. तेव्हा आदल्या दिवशी दुचाकीवरून काठ फिरा, उसाला पाणी पाजणाऱ्याला विचारा, "मामा, बर्गे घातले काय?" बंधाऱ्याच्या बरंच अलीकडे काठाला लागा आणि राफ्ट खांद्यावर टाकून चालत पलीकडे जा. दोन-चार किलोचं तर ओझं, त्यात लाज कसली!

"राफ्ट मऊ पडली, पंक्चर आहे," ही सकाळची ठरलेली ओरड. बहुतेकदा पंक्चर नसतंच. गार पाण्यात आतली हवा आकसते. पाच मिनिटं पाण्यावर ठेवून तोंडानं पुन्हा भरा. दुपारी जेवायला थांबलात की उलटं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात हवा फुगून जोडांवर ताण येतो, म्हणून थोडी हवा सोडा, राफ्ट सावलीत ओढा. खरंच गळत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. जागा खडखडीत वाळवून, स्पिरिटनं पुसून मगच पॅच लावा. ओल्यावर तो टिकत नाही.

काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारींच्या पाइपांपासून, दोरांपासून लांब राहा. तोल गेला म्हणून वायर तर अजिबात धरू नका, तिच्यात करंट असू शकतो.

वेळेचा हिशेब गाडीसारखा करू नका. संथ पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर म्हणजे खूप झाले, आणि नोव्हेंबरात सहाला अंधारून येतं. एक गाडी आधीच खालच्या टोकाला लावून ठेवा; संध्याकाळी ओल्या कपड्यांत वडापची (शेअर जीपची) वाट बघत बसण्यात मजा नाही.

आणि हीच हौस चिकोडी-अथणीकडे कृष्णेत भागवायचा बेत असेल, तर आधी तिथल्या मच्छीमारांना गाठा. तिकडे मगरी आहेत.