मॅग्नेशियमच्या स्क्रूवरचा लेप का फसतो? या चुका टाळा

हाडात बसवायच्या मॅग्नेशियम स्क्रूला कधी ना कधी विरघळायचंच आहे. लेपाने फक्त हाड जुळेपर्यंतचे पहिले काही आठवडे त्याचा वेग आवरायचा. तरी लेप आठवड्याभरात फुगला, की दोष लेपाच्या मालाला दिला जातो. बहुतेक वेळा खोट त्याच्या खाली असते.

पॉलिश करतानाच लोखंड आत शिरतं. ज्या चकतीवर कालच स्टील घासलं, त्याच चकतीवर मॅग्नेशियम घासलं तर पृष्ठभागात लोखंडाचे कण रुततात. प्रत्येक कण छोटा कॅथोड (विद्युत घटातलं स्वतः न झिजणारं टोक) होतो आणि त्याच्या भोवतीचं मॅग्नेशियम खाल्लं जातं. वरून कितीही चांगला लेप द्या, छिद्र तिथेच पडणार. सिलिकॉन कार्बाइडचा कागद नवा घ्या, 1200 नंबरपर्यंत जा, शेवटचे टप्पे पाण्याऐवजी इथेनॉलमध्ये करा, गार हवेने वाळवा आणि लगेच लेपाला घ्या. नमुना रात्रभर उघडा ठेवला तर त्यावर हायड्रॉक्साइडचा पातळ थर चढतो आणि लेप धातूऐवजी त्या थरालाच चिकटतो.

उघड्या धातूवर थेट पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल, शरीरात विघटित होणारं पॉलिमर). सर्वांत जास्त नमुने इथेच वाया जातात. पॉलिमरमधून पाणी हळूहळू आत झिरपतं आणि धातूशी गाठ पडली की हायड्रोजन सुटतो. 1 मिलिग्रॅम मॅग्नेशियममागे साधारण 1 मिलिलिटर वायू! बाहेर पडायला वाट नाही, म्हणून लेपाखाली फोड येतात. फोड फुटला की द्रव आत साचतो आणि तिथलं क्षरण उघड्या नमुन्यापेक्षाही खोल जातं. थर जाड करणं हा यावरचा उपाय नव्हे, कारण पीएलए स्वतः विघटित होताना लॅक्टिक आम्ल सोडतो. आधी फ्लोराइडचा किंवा मायक्रो-आर्क ऑक्सिडेशनचा (द्रावणात विजेच्या ठिणग्यांनी धातूवरच चढवलेल्या ऑक्साइडचा) पाया द्या. मग पातळ द्रावणात दोन-तीन वेळा बुडवा आणि दर वेळी द्रावक पूर्ण उडू द्या.

बुडवून लेप दिलेला स्क्रू उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आट्यांच्या खोबणीत द्रावण साचून जाड गोळा झालेला असतो आणि धारेवर लेप जवळपास नसतोच. द्रावण पातळ ठेवून स्क्रू सावकाश, एकाच वेगाने वर काढला तर फरक कमी होतो.

मायक्रो-आर्कचा थर सच्छिद्र असतो. ती भोकं वरून बुजवावी लागतात. नमुना जिथे तारेला पकडला होता तिथे थर बसतच नाही. ती जागा स्क्रूच्या डोक्यावर, नंतर कापून टाकता येईल अशी निवडा.

फ्लोराइडसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरताना भांडं पॉलिप्रॉपिलीनचं हवं, काच विरघळते. या आम्लाने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका.

चाचणीतली फसवणूक. नुसत्या 0.9 टक्के सलाइनमधला आकडा शरीराबद्दल फारसं सांगत नाही. पीएच स्थिर ठेवायला घालतात तो ट्रिस बफर तर क्षरण वाढवतो. 37 अंश सेल्सिअस, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पेशी वाढवण्याचं माध्यम हे जास्त जवळचं. द्रव दर चौरस सेंटिमीटरला किमान 20 मिलिलिटर घ्या. कमी घेतला तर पीएच वर चढतो, क्षरण आपोआप मंदावतं आणि लेप उगाच गुणी ठरतो. नमुना इपॉक्सीत बसवला असेल तर कडेच्या फटीतलं क्षरण लेपाच्या खात्यात जमा होत नाही ना, ते पाहा. क्रोमिक आम्लाने गंज काढताना लेपही थोडा जाऊ शकतो, म्हणून द्रवात न बुडवलेला एक लेपित नमुना सोबत धुवून वजन करा. पेशींसाठी एमटीटी चाचणी (जिवंत पेशी रंग बदलवतात, त्यावरून त्या मोजण्याची) टाळावी. मॅग्नेशियम स्वतःच तो रंग बदलवतो आणि मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात.

निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह नको, वाफेनेच क्षरण सुरू होतं. गॅमा किरणांनी पीएलएच्या साखळ्या तुटतात, तेव्हा लेपाची चाचणी निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यावर घ्या.

दुसऱ्या धातूशी जोडी. 1907 मध्ये बेल्जियमचे सर्जन आल्बिन लांबोत यांनी पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साचला. आजही मॅग्नेशियमचा स्क्रू स्टीलच्या प्लेटमध्ये घालून बघणारे भेटतात. लेपाला एक ओरखडा गेला की पुरे, स्टील कॅथोड होतं आणि मॅग्नेशियम खाल्लं जातं.

आणि ओरखडा जातोच, बसवताना. म्हणून भोक पाडून त्यात आधी टॅपने आटे कापा, स्क्रू हाडाच्या ठोकळ्यात बसवून परत काढा आणि क्षरणाची चाचणी त्या स्क्रूवर लावा.