जळगावहून विमानाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

जळगाव–मुंबई विमानाला किती वेळ लागतो असं नेटवर शोधलं की काही ठिकाणी चक्क २६ मिनिटं दिसतात. ही वेळ कुठून येते? सरळ रेषेतलं अंतर साधारण ३५५ किलोमीटर, त्याला मोठ्या जेटच्या ताशी ८३० ने भागलं, झालं. पण जळगावची धावपट्टी जेमतेम १७०० मीटरची. इथे एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं येतात, आणि त्यांचा वेग ताशी ५०० च्या आसपास.

म्हणून भागाकार ५०० ने करा. साधारण ४३ मिनिटं येतात. त्यात टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढण, उतरण आणि मुंबईच्या रांगेत आकाशात घालावे लागणारे फेरे यांसाठी २५ ते ३० मिनिटं मिळवा. सव्वा तासाच्या आत-बाहेर आकडा आला की तो पटण्यासारखा. तिकिटावरची वेळसुद्धा विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, नुसती हवेतली नव्हे. हिवाळ्यात वरचा वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. तो ताशी ४० चा धरला तर मुंबईकडे जाताना आणि येताना पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो.

रेल्वेचं अंतर विमानाला लावू नका. जळगाव ते सीएसएमटी रुळावरून ४२० किलोमीटर आहे.

स्वतः एक्सेलमध्ये अंतर काढणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत अक्षांश-रेखांशात होते. जळगाव विमानतळ २०°५७′ उत्तर, ७५°३७′ पूर्व. हे २०.५७ आणि ७५.३७ असं टाकलं की विमानतळ पन्नासेक किलोमीटर सरकून पाचोऱ्याच्या दक्षिणेला शेतात जाऊन बसतो! मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे २०.९५ आणि ७५.६२ येतं. सूत्रात साइन-कोसाइन असेल तर अंश आधी रेडियनमध्ये बदला. ते विसरलात तर उत्तर भलतंच येतं. एवढी चूक निदान लगेच लक्षात तरी येते.

लक्षात न येणारी चूक वेगळीच. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, म्हणून रेखांशालाही तोच आकडा लावतात. आपल्याकडे रेखांशाचा अंश १०४ च्या आसपास भरतो. दोन्हीकडे १११ धरले तर मुंबईचं अंतर ३७० येतं, पंधरा किलोमीटर जास्त. आणि उत्तर 'एनएम' मध्ये असेल तर ते सागरी मैल, किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा, १.६ ने नाही.

अंतर काढून देणाऱ्या साइटच्या यादीत 'जळगाव' निवडताना विमानतळाचा जेएलजी हा कोड पाहा, नाहीतर बुलढाण्याचं जळगाव जामोद पकडलं जातं. धुळे–जळगाव दहा मिनिटं असंही एखादं साधन बिनदिक्कत सांगतं, पण धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवरून प्रवासी विमानसेवा नाही. धुळे-मालेगावकरांनी नाशिकचं विमान धरायचं तर हिशेब ओझरपर्यंतचा करा, नाशिक शहरापर्यंतचा नको. ओझर शहराच्या अलीकडेच, साधारण २० किलोमीटरवर लागतं.