बडोद्यात राहून व्हीसी व्हायचं आणि इनोव्हेशनचं अर्थशास्त्रही शिकायचं, ते कसं जमवायचं

दांडिया बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की हल्ली घरातल्या एका तरी मुलामुलीचा हाच प्रश्न असतो, व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटल फंडात, नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे लावणाऱ्या फंडात, काम कसं मिळतं, एमबीए लागतंच का, मुंबई-बंगलोरला जावंच लागतं का, आणि ताई तुम्ही नोकरी करता करता पीएचडी पण केलीत ना, तिचा उपयोग काय झाला. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगत आलेय, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मी कलाभवनची, म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठातली इंजिनियर, आधी सात वर्षं मकरपुऱ्यात कारखान्यात, मग फंडात, आणि फंडात असतानाच पार्टटाइम पीएचडी. हाच एक रस्ता आहे असं नाही, पण मी चाललेय तो हा, म्हणून ह्याचंच सांगू शकते.

आधी काम काय आहे ते समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं व्हीसी म्हणजे पैसेवाला माणूस. तसं नाहीये. पैसे दुसऱ्यांचे असतात, त्यांना एलपी म्हणतात, आपण ते सांभाळणारे. आपल्याकडे बहुतेक फंड ट्रस्ट म्हणून काढतात आणि सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड) नियमांखाली रजिस्टर करतात, व्हीसी फंड कॅटेगरी वनमध्ये येतो, गुंतवणूकदाराला साधारणपणे कमीत कमी एक कोटी टाकावे लागतात, आणि एका कंपनीत फंडाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. फंडाची मुदत बहुतेक वेळा आठ-दहा वर्षं. ही दहा वर्षं डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आता एक हिशोब, हा कागदावर स्वतःच्या हातानं करा, नुसता वाचू नका. फंड १०० कोटींचा आहे असं धरा. वर्षाला दोन टक्के फी, दहा वर्षांत २० कोटी त्यातच गेले, कंपन्यांत लावायला उरले ८०. एलपींना तिप्पट हवेत म्हणजे ३०० कोटी परत आणायचे. तुम्ही प्रत्येक कंपनीत सुरुवातीला १५ टक्के हिस्सा घेतला, नंतर कंपनीनं नवे शेअर देऊन तीनदा पैसे उभे केले, म्हणजे तीन राउंड झाले, दर राउंडला हिस्सा एक पंचमांश कमी झाला आणि तुम्ही पुढे पैसे टाकले नाहीत, तर शेवटी हातात राहतो साधारण ७.७ टक्के. ह्या ७.७ टक्क्यांचे ३०० कोटी व्हायचे असतील तर तुमच्या सगळ्या कंपन्यांची मिळून विक्रीच्या वेळची किंमत ३,९०० कोटींच्या आसपास पाहिजे. आणि बऱ्याच कंपन्या बुडतात किंवा जेमतेम टाकलेले परत देतात, म्हणून हा सगळा भार दोन-तीन कंपन्याच उचलतात. हा हिशोब मला फंडात लागल्यावर दुसऱ्या वर्षी नीट कळला, आणि तेव्हा कळलं की वर्षाला तीन कोटी सुरेख कमावणाऱ्या कारखान्याला आम्ही नाही का म्हणतो. तो कारखाना वाईट नसतो हो, त्याला बँकेचं कर्ज बरोबर, आमचा पैसा त्याला बरोबर नाही. हे शेठना तोंडावर सांगता आलं पाहिजे, आदरानं, आणि त्याच भेटीत.

मग अर्थशास्त्र कुठून आलं. माझ्या बाबतीत एका फसलेल्या गुंतवणुकीतून आलं. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी होती, दोघं तरुण, वस्तू खरंच चांगली, पण टेस्टिंग आणि मग सरकारी खरेदीच्या मंजुऱ्या ह्यातच दोन वर्षं गेली आणि पैसे संपले. आमच्या मीटिंगमध्ये सगळे म्हणाले टीम कच्ची होती. मला ते पटेना. टीम तीच होती जिला आम्ही आधी डोक्यावर घेतलं होतं. मला वाटायला लागलं की आम्ही चुकीच्या वेळी आलो, म्हणजे आमच्या आधी जो पैसा यायला हवा होता तो आलाच नव्हता, आणि तो पैसा कोण देतो, का देतो, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं.

ह्याचं उत्तर खरं तर आपल्या गावातच उभं आहे, मी त्याच इमारतीत चार वर्षं शिकले आणि तेव्हा दिसलं नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन निघालं, प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे कर्ते. रंगकाम, रसायन, यंत्रं शिकवायची, तीही लोकांच्या भाषेत. मग १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन ह्यांची अलेंबिक. मग १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. क्रम बघा, आधी शिकवणं आणि प्रयोगशाळा, ज्यातून दरबाराला लगेच एक रुपया सुटणार नव्हता, मग कंपनी, मग बँक. अमेरिकेतही तेच. जॉर्जेस डोरिओंच्या एआरडी फंडानं १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट ह्या कॉम्प्युटर कंपनीत ७० हजार डॉलर टाकले, व्हीसीच्या इतिहासात ती गुंतवणूक फार मोठी मानतात, पण कंपनी काढणारे दोघंही एमआयटीच्या लिंकन लॅबमधून आलेले, आणि ती लॅब चालायची अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर. व्हीसी शेवटी येतो. त्याच्या आधी कोणी तरी वर्षानुवर्षं धीर धरलेला असतो.

अर्थशास्त्रात ह्याचं कारण रिचर्ड नेल्सन ह्यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ अॅरो ह्यांनी १९६२ मध्ये मांडलं, की मूलभूत संशोधनाचा फायदा जो खर्च करतो त्याच्याच खिशात पूर्ण येत नाही, ज्ञान दुसऱ्यांकडे झिरपतं, म्हणून नुसत्या बाजारावर सोडलं तर असं संशोधन गरजेपेक्षा कमीच होतं. ह्या दोघांपासून सुरुवात करा. मग शुंपीटर, मग पॉल रोमर, मग फिलिप अगियाँ आणि पीटर हॉविट, ह्या दोघांना जोएल मोकिर ह्यांच्याबरोबर २०२५ चं नोबेल मिळालं, म्हणजे आता विषय काय हे घरी समजावणं थोडं सोपं झालंय. आणि विल्यम जेनवे ह्यांचं काम नक्की बघा, केंब्रिजची अर्थशास्त्रातली पीएचडी आणि मग कित्येक वर्षं वॉरबर्ग पिंकसमध्ये टेक्नॉलॉजी गुंतवणूक, दोन्ही पाय दोन्हीकडे घट्ट. सरकार, सट्ट्याचा बाजार आणि उद्योग ह्या तिघांचा खेळ असं ते मांडतात, आणि अनिश्चिततेवर त्यांचा उपाय अगदी आपल्या आजीसारखा, हातात रोकड ठेवा आणि कारभार आपल्या हातात ठेवा.

आता करायचं काय, क्रमानं.

शिक्षण झालं की लगेच फंडात जायची घाई करू नका. चार-पाच वर्षं अशा ठिकाणी घालवा जिथे वस्तू बनते आणि विकली जाते. आपल्याकडे मकरपुरा, सावली, नंदेसरी, हे सगळं दारात आहे, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, केमिकल, औषधं. मकरपुऱ्यातच एर्डाची, विजेच्या उपकरणांची, टेस्टिंग लॅब आहे, तिथे एखादी वस्तू टेस्टला नेऊन बघा, सॅम्पल फेल झाल्यावर डिझाइन बदलून परत रांगेत लागायला किती वेळ जातो ते कळेल, आणि फाउंडर जेव्हा सर्टिफिकेशन तीन महिन्यांत होईल म्हणतो तेव्हा पुढचा प्रश्न काय विचारायचा हे आपोआप सुचेल. ह्याच काळात जमाखर्च शिका. सीए व्हायची गरज नाही, पण बॅलन्सशीट आणि कॅशफ्लो शेजारी ठेवून नफा दिसतोय तरी पैसे का नाहीत हे सांगता आलं पाहिजे, बहुतेक वेळा ते उधारीत अडकलेले असतात.

मग फंडात शिरायचं. इथे सगळे बायोडेटा पाठवतात आणि उत्तर येत नाही. त्यापेक्षा तीन मेमो लिहून पाठवा. तुम्हाला आतून माहीत असलेला एक उद्योग घ्या, त्यातली एक कंपनी निवडा, आणि तीन-चार पानांत लिहा की ग्राहक आत्ता काय वापरतो, ही वस्तू घेतली तर त्याचे किती वाचतात, विकायला कोणाची सही लागते, आणि कशामुळे हे सगळं फसू शकतं. कंपनीची माहिती एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या, पोर्टलवर शंभर रुपये भरून बघता येते. त्यात पीएएस-३ हा फॉर्म शोधा, नवीन शेअर दिले की तो भरावा लागतो, कोणाला किती शेअर कोणत्या भावानं दिले ते त्यात असतं, त्यावरून व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत, तुम्हीच काढू शकता. पेपरात छापून आलेला आकडा आणि फॉर्ममधला आकडा शेजारी ठेवून बघा. मला फंडातली पहिली नोकरी अशाच मेमोवर मिळाली, मुंबईत इंटरव्ह्यूला गेले तर समोरच्यानं मेमोची प्रिंट काढून त्यावर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, दीड तास फक्त त्यावरच बोललो. अहमदाबादलाही बघा, जीव्हीएफएल १९९० पासून तिथे आहे, देशातल्या जुन्या व्हीसी संस्थांपैकी एक, आणि सकाळची गाडी पकडली तर काम करून रात्री जेवायला घरी.

फंडात लागलात की पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. ह्या सगळ्या लिखाणातलं मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. ज्यांना हो म्हटलं त्यांची नोंद फंड ठेवतोच, तुम्ही ज्यांना नाही म्हटलं त्यांची ठेवा. तारीख, कंपनी काय करते, नाही का म्हटलं ते दोन ओळींत, आणि तीन वर्षांनी ही कुठे असेल असं आज वाटतं ते. नंतर खाडाखोड करायची नाही. माझ्या वहीत चारशेच्या वर नोंदी आहेत. पाच वर्षांनी बसून मोजल्या तेव्हा दिसलं की "बाजार लहान आहे" म्हणून नाकारलेल्यांत मी सगळ्यात जास्त वेळा चुकले होते आणि "ग्राहक पैसे उशिरा देतो" म्हणून नाकारलेल्यांत सगळ्यात कमी. हे मला कोणत्याही कोर्सनं सांगितलं नसतं. आणि संशोधनाच्या दृष्टीनं तर ही वही सोनं आहे, कारण व्हीसीचा बहुतेक डेटा वाचलेल्या कंपन्यांचाच असतो, बुडालेल्या आणि पैसेच न मिळालेल्या त्यात दिसतच नाहीत, आणि मग लोक म्हणतात बघा व्हीसीनं पैसे दिले म्हणून कंपनी मोठी झाली. झाली का दिसतच होती मोठी होणार म्हणून पैसे दिले?

हा प्रश्न नीट सोडवायला इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीतून कारण आणि परिणाम वेगळे काढायचं शास्त्र, शिकावंच लागतं, त्याला पळवाट नाही. एक उदाहरण देते, मला ते वाचून रात्री झोप आली नव्हती. सॅम्युअल कॉर्टम आणि जोश लर्नर ह्यांचा २००० सालचा पेपर आहे. अमेरिकेत १९७९ मध्ये पेन्शन फंडांना व्हीसीत पैसे टाकायची नियमांनी मोकळीक मिळाली आणि व्हीसीचा पैसा एकदम वाढला. आता हा बदल काही कोणाला जास्त शोध सुचले म्हणून झाला नव्हता, तो पेन्शनच्या कायद्यातून आला होता. त्यामुळे त्याचा आधार घेऊन पैशाचा परिणाम वेगळा काढता येतो. त्यांना आढळलं की पेटंटच्या हिशोबानं व्हीसीचा एक डॉलर कंपन्यांच्या आर अँड डीच्या एका डॉलरच्या साधारण तिप्पट काम करतो. आकड्यापेक्षा पद्धत शिका. आपल्याकडे असे बदल कितीतरी झालेत, २०१६ मध्ये सिडबी ह्या सरकारी बँकेकडे दिलेला १० हजार कोटींचा फंड ऑफ फंड्स, म्हणजे दुसऱ्या फंडांत पैसे टाकणारा फंड, २०१२ मध्ये आलेला आणि २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकलेला एंजल टॅक्स, म्हणजे वाजवी किमतीपेक्षा महाग शेअर विकून कंपनीनं उभ्या केलेल्या जादा पैशावरचा कर. प्रत्येकात कोणाला तरी करण्यासारखं काम पडलंय.

पीएचडी करायचीच का? फक्त गुंतवणूक सुधारायची असेल तर नको, वही आणि वाचन पुरे. पण स्वतःचा एक प्रश्न दोन वर्षं डोक्यातून जात नसेल तर करा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पार्टटाइम पीएचडी चालते, ऑफिसचं एनओसी लागतं, आणि कमीत कमी तीन वर्षं धरावी लागतात. गाइड निवडताना विषय जुळण्यापेक्षा तुमचा डेटा समजून घ्यायची तयारी बघा. मी रोज पहाटे पाच ते सात एवढंच करायचे, रविवारी हंसा मेहता लायब्ररी. प्रवासात वाचन होतं, लिखाण होत नाही, हा माझा अनुभव. मधली दोन वर्षं फार जड गेली, सासूबाईंनी घर सांभाळलं म्हणून निभावलं, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण अशा गोष्टी थिसिसच्या आभाराच्या पानावर एका ओळीत संपवतात.

दोन्ही टोप्या एका डोक्यावर असल्या की एक पथ्य कडक पाळायचं. फाउंडरनं विश्वासानं दाखवलेला कागद संशोधनात जात नाही, नाव काढून टाकलं तरी नाही, त्याची लेखी परवानगी असेल तरच. बडोदा लहान आहे, "व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी" म्हटलं तरी रावपुऱ्यात लोक नाव सांगतील. आणि ज्या क्षेत्रात तुमच्या फंडाचे पैसे आहेत त्यावर सरकारी कमिटीत किंवा लेखात मत देत असाल तर पहिल्याच वाक्यात ते सांगून टाका.

पैशाबद्दल थोडक्यात. पगार ठीक असतो, पण जो मोठा हिस्सा सांगतात, नफ्यातले २० टक्के, तो एलपींचे पैसे आणि ठरलेला परतावा देऊन झाल्यावरच सुरू होतो, त्यातला ज्युनियर माणसाचा वाटा लहान, आणि यायला सात-आठ वर्षं सहज जातात, म्हणून घराचा हप्ता त्याच्या भरवशावर घेऊ नका. स्वतःचा फंड काढायचा विचार त्यानंतरचा, त्याला कमीत कमी २० कोटींचा निधी लागतो, स्पॉन्सर, म्हणजे फंड काढणारा, म्हणून स्वतःचेही टाकावे लागतात, निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी ह्यातले जे कमी असेल ते, आणि टीममध्ये एनआयएसएम ह्या सेबीच्या शिक्षणसंस्थेची परीक्षा पास झालेला माणूस लागतो.

ह्या शनिवारी सुरुवात करायची असेल तर तुमच्या ओळखीची, चालत जाऊन बघता येईल अशी एक कंपनी घ्या, तिचे गेल्या तीन वर्षांचे फॉर्म काढा, मालकांना विचारून शॉपफ्लोअरवर अर्धा दिवस उभे राहा, आणि रात्री वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाकून लिहा, तुम्ही हिच्यात पैसे टाकले असते का, आणि नसते तर का.