विद्युतचुंबकीय क्षेत्राचा त्रास होत असेल तर कॉम्प्युटर कसा निवडावा

कॉम्प्युटरसमोर बसलं की थोड्याच वेळात डोकं जड होतं, बोटांना झिणझिण्या येतात, वाय-फायच्या खोलीत झोप लागत नाही. अशी तक्रार करणाऱ्यांना घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत.' दुकानदार म्हणतो, 'रेडिएशनचं स्टिकर लावून देतो, काळजी करू नका.' दोघांचंही ऐकू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००५ मध्ये या विषयावर माहितीपत्रक काढलं. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. लोकांना होणारा त्रास खरा असतो, कधी कधी काम सोडावं लागेल इतका. पण विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळेच तो होतो, असं दाखवणारा पुरावा मिळालेला नाही. क्षेत्र चालू आहे की बंद हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत त्रास होणाऱ्यांनाही ते ओळखता आलं नाही. हे वाचून राग येणं साहजिक आहे. खरेदीला निघालेल्या माणसाला मात्र यातून उपयोगाची गोष्ट मिळते. कॉम्प्युटर म्हणजे फक्त लहरी नव्हेत. त्याचा पडदा लुकलुकतो, चार्जरमधून अंगात बारीक करंट उतरतो, पंखा आणि कॉइल किणकिणतात. यातलं तुम्हाला नेमकं काय बाधतं हे कळल्याशिवाय नव्या मशीनवर पैसे घालू नका. डोकेदुखी, धडधड, निद्रानाश यांसाठी एकदा डॉक्टरांकडेही जाऊन या. मायग्रेन, थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असेल, तर कॉम्प्युटर बदलून ती जाणार नाही.

पहिली पायरी : सध्याच्या मशीनवरच शोध घ्या

सुरुवात चार्जरपासून करा. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना मनगट टेकवलं की सरसर झिणझिण होते का? चार्जर काढला की ती लगेच थांबते का? थांबत असेल तर तो भास नाही. दोन पिनांच्या चार्जरमध्ये रेडिओ-गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो आणि त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. अर्थिंगची तिसरी पिन नसल्यामुळे त्याला जायला वाट मिळत नाही, मग तो तुमच्या हातातून वाट काढतो. बॉडीला टेस्टर लावला तर तो मंद पेटतोसुद्धा. आंतरराष्ट्रीय मानकात अशा उपकरणांसाठी या करंटची मर्यादा एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी आहे, म्हणजे जिवाला धोका नाही. पण दिवसभर मनगटाखाली ही झिणझिण सोसायची कशाला? 'मला लॅपटॉपचं रेडिएशन जाणवतं' असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असावं, असं माझं मत आहे. सुदैवाने ते सगळ्यात स्वस्तात बरं होतं.

मग पडद्याकडे वळा. अनेक पडदे उजेड कमी करताना दिवा मंद करत नाहीत. ते दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. ओएलईडी पडद्यांमध्ये हे सर्रास आढळतं, २४० हर्ट्झच्या आसपास. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने नक्की चढतं. ब्राइटनेस वीस-तीस टक्क्यांवर आणा, पडदा पूर्ण पांढरा करा आणि त्याच्यासमोर पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलीची सावली सलग धुरकट दिसली तर ठीक. एकाऐवजी पाच-सहा सुट्या पेन्सिली दिसल्या तर पडदा लुकलुकतो आहे. फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओत तेच काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतं. ब्राइटनेस शंभर टक्के ठेवून, खोलीतला उजेड वाढवून दोन दिवस काम करून पाहा. फरक पडला तर तुमचा शत्रू कोण ते कळलं.

वाय-फायची परीक्षा शेवटी घ्या, आणि ती प्रामाणिकपणे घ्या. कॉम्प्युटर केबलने इंटरनेटला जोडा, त्याचं स्वतःचं वाय-फाय बंद ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, राउटरचे दिवे कागदाने झाका. मग घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीत नाणं उडवायला सांगा. छापा पडला तर त्यांनी राउटरचं वाय-फाय चालू करायचं, काटा पडला तर बंद, आणि नोंद स्वतःजवळ ठेवायची. ती व्यक्ती तुमच्यासमोर नको, चेहऱ्यावरून उत्तर कळतं. तासाभराने तुम्ही तुमचा अंदाज लिहा. अशा बारा फेऱ्या होऊ द्या, सवडीने, आठवड्याभरात. दहा किंवा अधिक अंदाज बरोबर आले तर दखल घेण्याजोगं आहे. नुसत्या नशिबाने असं होण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते. सहा-सात बरोबर आले तर वाय-फायला दोष देण्यात अर्थ नाही आणि पुढच्या खरेदीत बराच खर्च वाचतो.

दुसरी पायरी : घराचं अर्थिंग

ही पायरी लोक सोडून देतात. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी पिन तीन असतात, पण तिसरीत जीव नसतो. काही घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असे. पुढे नळकाम प्लास्टिकचं झालं आणि अर्थिंग गुपचूप गेलं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरच्या सॉकेटवर मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. हे काम स्वतः करू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही त्याच खेपेत बसवून घ्या. हे झाल्याशिवाय तीन पिनांच्या चार्जरचा काही उपयोग नाही.

इन्व्हर्टर टेबलाखाली पायांशी असेल तर तो खोलीबाहेर हलवा. घरगुती विजेचं, म्हणजे पन्नास हर्ट्झचं, चुंबकीय क्षेत्र घरात सर्वाधिक सापडतं ते ट्रान्सफॉर्मर आणि मोटरजवळ, आणि ते अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतं. दोन-तीन फूट सरकवण्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी पायरी : डेस्कटॉप की लॅपटॉप?

जागा असेल तर डेस्कटॉप. माझं मत इथे ठाम आहे. त्याचा वीजपुरवठा करणारा भाग धातूच्या डब्यात असतो, प्लग तीन पिनांचा असतो, आणि डबा हवा तितका दूर ठेवता येतो. वाय-फाय नसलेला मदरबोर्ड मागून घेता येतो आणि तो स्वस्तही पडतो. पडदा वेगळा असल्यामुळे तो न मानवल्यास तेवढाच बदलता येतो. ऑल-इन-वन मात्र टाळा, त्यात सगळं सामान तोंडासमोरच येतं.

लॅपटॉप घ्यावाच लागला तर तो मांडीवर ठेवायचा नाही. स्टँडवर ठेवा, वायरचा कीबोर्ड आणि माउस जोडा, हात बॉडीला लागणार नाहीत असं बसा. घरून काम करणाऱ्यांना सेकंड-हँड बिझनेस लॅपटॉप सुचवेन. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्या असलेल्या पुण्यात असा माल मिळायला अडचण नाही. थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ५००० मालिकेतल्या जुन्या मशीनना लॅन पोर्ट (इंटरनेटची केबल लावायची खाच) असतो आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन वाय-फाय मुळातच बंद करता येतं. नव्या पातळ लॅपटॉपना लॅन पोर्ट बहुधा नसतो, त्यांना यूएसबीचा लॅन अडॅप्टर घ्यावा लागतो. तोही चालतो.

पेसमेकर असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. लॅपटॉपच्या झाकणात आणि काही फोनच्या पाठीत लोहचुंबक असतात. ते छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवायचे, बाकीचं आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं.

चौथी पायरी : दुकानात

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा नाहीतर मॉलमध्ये, मशीन चालू करून दाखवल्याशिवाय पाकीट काढू नका. पेन्सिल आणि फोन खिशात असू द्या. ब्राइटनेस कमी करून पडद्याची परीक्षा तिथेच करा. खोक्यावर 'फ्लिकर-फ्री' लिहिलेलं असलं तरी करा. चार्जर लावून मनगट टेकवून पाहा. चार्जरला तीन पिना आहेत का, नसल्यास त्याच कंपनीची अर्थिंगवाली केबल मिळते का, विचारा; मॅकबुकसाठी अशी लांब केबल वेगळी मिळते. शांत कोपऱ्यात कान लावून किणकिण ऐका, गेमिंगच्या मशीनमध्ये ती हमखास सापडते. एक ट्रान्झिस्टर रेडिओही बरोबर न्या. मीडियम वेव्हवर पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झपासून काटा थोडा बाजूला घेऊन रिकाम्या जागी लावा आणि रेडिओ चार्जरजवळ न्या. जो चार्जर जास्त खरखरेल तो जास्त गोंगाट सोडतो. त्याने अपाय होतो असं यातून सिद्ध होत नाही, पण दोन चार्जरांत डावा-उजवा ठरवायला हे पुरतं.

कॉम्प्युटर रेडिओ-लहरी सोडतो यात शंका नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ-दुर्बीण आहे, तिथे गेलात तर मोबाइल बंद करायला लावतात. अवकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की आपली साधी उपकरणंही त्यांना बुडवून टाकतात. पण ते दुर्बिणीचे कान आहेत. दुर्बिणीला जे ऐकू येतं ते माणसाच्या शरीराला जाणवतं असा त्याचा अर्थ होत नाही.

फोनवरच्या 'ईएमएफ मीटर' अॅपवर विसंबू नका. ते फोनमधला होकायंत्राचा सेन्सर वापरतं आणि पुण्यात कुठेही उभं राहिलं तरी ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दाखवतं, कारण पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्रच तेवढं आहे. लोक तो आकडा पाहून घाबरतात. जुन्या सल्ल्यांत बदलत्या क्षेत्रासाठी स्वीडनच्या टीसीओ मानकाचा ०.२ मायक्रोटेस्ला हा आकडा भेटतो. तो १९९२ च्या सुमाराचा, काचेच्या जाड नळीच्या मॉनिटरसाठीचा आहे, आणि तंत्राने किती कमी करता येतं यावरून ठरवलेला आहे. पन्नास हर्ट्झसाठी अशा क्षेत्रांपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची (आयसीएनआयआरपी) २०१० ची सर्वसामान्यांसाठीची मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. आजच्या सपाट पडद्यांत त्या नळीतली चुंबकीय कॉइलच नसते, त्यामुळे 'कमी रेडिएशनचा मॉनिटर' म्हणून जादा पैसे मागितले तर हसून पुढे चला.

स्टिकर, चिप, पेंडंट, पिरॅमिड यांतलं काहीही घेऊ नका. २०२० मध्ये शेणापासून केलेली मोबाइलची चिपसुद्धा सरकारी आयोगाच्या मंचावरून आली होती. शेकडो शास्त्रज्ञांनी तिचा पुरावा मागितला.

बिलावर परत करण्याची मुदत लिहून घ्या. 'साहेब, काही प्रॉब्लेम नाही, घेऊन या' हे तोंडी आश्वासन धरू नका. न मानवणारा पडदा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळतो, पण दुकानात दहा मिनिटांत कळेलच असं नाही. ऑनलाइन घेत असाल तर परतीचा नियम वाचा. पुष्कळ ठिकाणी लॅपटॉप बदलून देतात, तोही फक्त बिघाड असल्यास; 'डोकं दुखतं' हे कारण चालत नाही.

पाचवी पायरी : घरी मांडणी

इंटरनेट देणाऱ्या फायबरवाल्याच्या डब्यालाच (राउटरला) मागे लॅनची भोकं असतात. तिथून कॅट-६ केबल टेबलापर्यंत ओढून घ्या. केबल शंभर मीटरपर्यंत चालते, घराला ती कितीही पुरते. बारा फेऱ्यांच्या परीक्षेत वाय-फाय दोषी ठरलं असेल किंवा ते बंद असताना मनाला बरं वाटत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा; अनेक डब्यांवर त्यासाठी बटणही असतं. घरातल्या इतरांना वाय-फाय हवं असेल तर भांडू नका, डबा झोपायच्या आणि कामाच्या जागेपासून लांब टांगा. मोकळ्या जागेत अंतर तिप्पट झालं की तीव्रता एक नवमांश उरते. सोसायटीत शेजाऱ्यांची वीस-पंचवीस वाय-फाय नावं दिसतच राहणार, त्यांचं काही करता येत नाही.

कॉम्प्युटरवर वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद करा. माउस वायरचा घेतला आणि ब्लूटूथ चालू राहिलं असं बऱ्याचदा होतं. वाय-फायचं कार्ड खोलून काढण्याची घाई करू नका, वॉरंटी जाऊ शकते. बायोसमधून बंद करणं पुरेसं आहे.

आणि फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणं सोडा. राउटर बंद करून फोन लॅपटॉपला टेकवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो, आणि तेव्हा तो लॅपटॉपच्या वाय-फायपेक्षा जास्त शक्तीने लहरी सोडतो. केबल नसेलच तर फोन यूएसबीने जोडा, लांब वायर वापरून तो खिडकीत ठेवा, आणि फायबरवाल्याला फोन करा.