मीटर उघडण्याआधी

गाडीच्या डॅशबोर्डच्या मीटरमध्ये बल्बऐवजी एलईडी बसवायचं काम तासाभरात उरकतं, पण मीटर दोनदा उघडावा लागला नाही तरच. म्हणून ऑर्डर देण्याआधी मीटरमध्ये काढता येणारे बल्ब आहेत का ते बघून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत एलईडी बोर्डावरच सोल्डर केलेले असतात. तिथे हा सगळा खटाटोप वेगळ्या जातीचा. बल्ब असतील तर एक बाहेर काढून माप घ्या. जाड तो टी-10, बारीक तो टी-5. आकडा साधारण काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. काही मीटरमध्ये बल्ब फिरवून बसवायच्या होल्डरसकट येतो, त्याचं माप वेगळं. एकाच मीटरमध्ये दोन-तीन मापं सापडतात, तेव्हा प्रत्येक जागेची नोंद करा आणि दोन-तीन एलईडी जास्तीचे मागवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: कोणते बल्ब बदलायचे नाहीत. बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा तसाच राहू द्या. जुन्या रचनेच्या गाड्यांत त्याच बल्बमधून जाणारा करंट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) सुरुवातीचं चुंबकत्व देतो. बल्ब 100 मिलिअँपिअर किंवा जास्त सोडतो, एलईडी जेमतेम 20. मग इंजिन चालू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. एअरबॅगचा दिवाही सोडा, कारण काही गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट त्या बल्बवर नजर ठेवून असतं. इंडिकेटरचा हिरवा दिवा दोन्ही बाजूंना मिळून एकच असेल तर तोही नको: डावीकडे करंट एका दिशेने जातो, उजवीकडे उलट, आणि साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकतो. थोडक्यात, मीटरच्या आकड्यांना मागून उजेड देणारे बल्ब बदला, सूचना देणारे दिवे शक्यतो राहू द्या.

रंगाचं म्हणाल तर मीटरच्या मागे रंगीत फिल्टर आहे का ते पाहा. हिरव्या फिल्टरमागे निळा एलईडी लावला तर उजेड जवळपास मरतो. निळ्या प्रकाशात नारिंगी काटा काळपट दिसतो, ही गोष्ट मला मीटर बंद केल्यावर कळली. शिवाय एलईडीचा उजेड एका दिशेने पडतो, त्यामुळे चारी बाजूंना चिप असलेला घ्या, नाहीतर आकड्यांमागे पांढरे ठिपके उमटतात. डिमर (मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं बटण) जुन्या पद्धतीचा, रोधकाचा असेल तर तो एलईडीवर बल्बइतका चालणार नाही; रात्री डोळ्यांवर येऊ नये म्हणून फार तेजस्वी एलईडी टाळा.

हत्यारं फारशी लागत नाहीत. स्टार स्क्रूड्रायव्हर (टोकाला चुंबक असलेला उत्तम, स्क्रू डॅशबोर्डच्या पोटात पडला की संपलं), प्लॅस्टिकची पट्टी, मास्किंग टेप, मऊ कापड, छोटा चिमटा, मोबाइलचा कॅमेरा. बॅटरीची मायनस वायर सोडायची आहे, तेव्हा स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल मागून लावलेली असते, ती सोडवल्याशिवाय मीटर ओढू नका. काट्यांना बोट लावू नका.

आणि चाचणी. बल्बला प्लस-मायनस नसतं, एलईडीला असतं. मी पहिल्यांदा घाईने सगळे स्क्रू आवळले आणि रात्री लाइट लावले तर मीटरचा अर्धा भाग काळा. म्हणून कपाळावर कोरून घ्या: मीटर जागेवर बसवण्याआधी सगळे कनेक्टर लावा, बॅटरीची वायर जोडा आणि अंधारात पार्किंग लाइट चालू करा. जो पेटला नाही तो पार्किंग बंद करून उलटा फिरवून बसवा, पुन्हा पाहा. कनेक्टर सुटे असताना मात्र इग्निशन चालू करू नका, नाहीतर एखादा इशाऱ्याचा दिवा कायमचा पेटून बसतो आणि तो विझवायला गॅरेजमधला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. जुने बल्ब टाकून न देता छोट्या डबीत गाडीतच ठेवा.