राग आणि धास्ती अनावर होते तेव्हा : या चुका टाळा

सामाईक जमिनीवरून मुंबईच्या भावाचा फोन येतो. बोलणं वाढतं, कान तापतात, दातावर दात घट्ट बसतात आणि फोन ठेवल्या ठेवल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहायला सुरुवात होते. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डोकं भणभणत असताना उत्तर देऊ नका, सह्या करू नका, 'आता संबंध संपला' असं तर मुळीच म्हणू नका. त्या मेसेजपायी गणपतीला घरं वेगळी होतात.

अशा वेळी मनाला समजावत बसण्यात अर्थ नसतो, आधी शरीर शांत करावं लागतं. बादलीत गार पाणी घ्या, श्वास रोखा आणि कपाळ, डोळे, गाल बुडतील असा चेहरा १५ ते ३० सेकंद पाण्यात धरा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. मे महिन्यात टाकीचं पाणी कोमट असतं, त्याचा उपयोग नाही. विहिरीचं ताजं ओढा, नाहीतर फ्रिजचं मिसळा. हृदयविकार असेल किंवा नाडी मंद चालत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे अनावर भावना सांभाळायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, हा उपाय शिकवतात. त्यातून जमिनीचा वाद सुटणार नाही. तो सुटावा म्हणून हे करायचंच नसतं. हातून आणखी काही बिघडू न देता तेवढी वेळ निभावायची, इतकंच.

दुसरी चूक आपण मायेपोटी करतो. 'मनाला लावून घेऊ नकोस, विचारच करू नकोस.' पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितल्यावर लोकांच्या मनात तेच अस्वल येत राहिलं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगातून दाखवलं. अवकाळी पावसाने मोहोर काळा पडलेल्या बागायतदाराला 'विसरा हो' म्हणून काय होणार? त्यापेक्षा 'कर्जाची धास्ती वाटतेय ना?' असं विचारा. नेमकं काय वाटतंय ते बोलून दाखवलं की त्याचा जोर थोडा ओसरतो.

दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडते आणि सकाळी धास्ती वाढलेली असते. मासेमारी बंदीच्या जून-जुलैत, हाताला काम नसताना, हे जास्त सांभाळा.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. असं काही पाहिलेल्या माणसाला नुसता वारा सुटला तरी धडधडू शकतं. हवामान खात्याचा वादळाचा इशारा असेल आणि घर सोडायला सांगितलं असेल, तर नक्की सोडा. इशारा नसतानाही दर वाऱ्याला पळालात, तर भीती घट्ट होत जाते. पडवीत कुणाला तरी सोबत घेऊन बसा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. हा श्वास एरवीही रोज, चहा उकळेपर्यंत, करत जा. ऐन धडधडीत पहिल्यांदा करायला गेलात तर जमत नाही आणि मग लोक म्हणतात, 'आपल्याला काही उपयोग नाही झाला.'

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर एकटे राहू नका, लगेच १४४१६ वर फोन करा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.